पेन्सिलीने लिहिणारे वकीलसाहेब

संस्थेतून फोन आला तेव्हा मी मटार सोलत होते. "मंदाकिनीताई, वकीलसाहेबांचं सहस्रचंद्रदर्शन आहे. गौरवग्रंथ काढतोय. आपण त्यांना फार जवळून पाहिलंय. चारशे शब्द द्या, जिव्हाळ्याचे."

मी म्हटलं, "जिव्हाळ्याचे चारशे नाहीत हो माझ्याकडे. दुसरे कितीही घेऊन जा."

पलीकडचा गृहस्थ मनापासून हसला. म्हातारी विनोदी आहे, असं त्याला वाटलं असावं. "आठ दिवसांत पाठवा," म्हणाला, "आणि छापण्याआधी साहेब एकदा नजरेखालून घालणार आहेत."

ते घालणारच. या माणसाच्या नजरेखालून गेल्याशिवाय आमच्या संस्थेत शाळेची घंटासुद्धा कधी दुरुस्त झाली नाही.

आमची संस्था म्हणजे पुण्यातल्या तीन शाळा, एक अध्यक्ष आणि एक कार्यकारी मंडळ. मी कचेरीत होते. टायपिंग, पत्रव्यवहार आणि मंडळाच्या सभांचं इतिवृत्त, असं माझं काम. अध्यक्ष माझ्या काळात तीन झाले. सोवनी वकील मात्र तेच राहिले. अध्यक्षांचे विश्वासू कायदेविषयक सल्लागार अशी त्यांची ओळख करून देत, पण ते मंडळावर नव्हते, सभासदांच्या यादीत नव्हते, कुठल्याच कागदावर नव्हते. एका अध्यक्षांनी हौसेने पत्रशीर्षावर त्यांचं नाव छापून आणलं. वकीलसाहेबांनी तो सगळा गठ्ठा दुसऱ्या दिवशी रद्दीत काढायला लावला. माझ्या मुलीने दहावीचं अख्खं बीजगणित त्या कागदांच्या पाठीवर सोडवलं.

यावरून माझं तेव्हाचं वय लक्षात आलं असेल. मुलगी दहावीत असलेली बाई. म्हणजे कोवळ्या वयातला खुळेपणा, अशी सूट मला घेता येत नाही. परवा नातीला हे सगळं सांगत होते, तर ती म्हणते, "आजी, सीरियसली? तुझा त्यांच्यावर क्रश होता?" मी म्हटलं, "क्रश परवडला असता गं. माझी भक्ती होती." वकीलसाहेब बोलले की मी मान हलवायची, गप्प बसले की आणखी जोरात हलवायची. ते येणार असले की मी ठेवणीतली साडी नेसायची आणि 'आज धुवायला काढायचीच होती' असं नवऱ्याला सांगायची.

आता ते दिसायचे कसे. बारीक, ताठ, पांढरा हाफ शर्ट. शर्टाच्या खिशात जिथे लोक पेन लावतात, तिथे यांची शिसपेन्सिल. चष्म्याच्या डबीत एक छोटं खोडरबर. पेन त्यांच्या हातात मी कधीच पाहिलं नाही. एकदा विचारलं, तर म्हणाले, "ताई, पेन हे सह्या करणाऱ्यांसाठी. आपण कुठे सह्या करतो?" वा, काय ही निरिच्छा, असं मला वाटलं. घरी जाऊन नवऱ्याला सांगितलं. नवरा पेपरातून डोकं न काढता म्हणाला, "ज्याला सापडायचं नसतं तो पेन्सिलीने लिहितो." दोन दिवस मी त्याच्याशी बोलले नाही.

जुन्या लग्नपत्रिकांच्या कोऱ्या पाठी कापून त्यांनी चिठ्ठ्या केलेल्या असत. सभेच्या आदल्या दिवशी अशी एक चिठ्ठी माझ्या टेबलावर येई. सभेत कुठला ठराव कोण मांडेल, अनुमोदन कोण देईल आणि तो सर्वानुमते कसा मंजूर होईल, हे सगळं बारीक सुबक अक्षरात. मी इतिवृत्त टाइप करून ठेवायची. दुसऱ्या दिवशी सभा भरायची आणि इतिवृत्ताप्रमाणे पार पडायची. टायपिंग झालं की वकीलसाहेब टेबलापाशी येऊन हात पुढे करत. "चिठ्ठी परत." मी दिली की समोर उभं राहून खोडत, फुंकर मारून कचरा उडवत आणि कोरा तुकडा पुन्हा खिशात टाकत. काटकसर म्हणून मी त्याचंही कौतुक केलं. कौतुकाला मला काहीही चालायचं.

सभेत त्यांची जागा टेबलाशी नव्हती. दाराजवळ, पाण्याच्या माठाशेजारी एक घडीची खुर्ची होती, तिथे बसायचे. कुणी पाणी प्यायला उठलं की भांडं भरून द्यायचे. नवा सभासद असला तर त्याला वाटायचं, हे कुणीतरी पेन्शनर आहेत, वेळ जात नाही म्हणून येतात. पण अध्यक्ष तोंड उघडण्याआधी माठाकडे बघायचे. वकीलसाहेबांचा चष्मा डोळ्यांवर असला तर विषय मंजूर. काढून पुसायला घेतला तर विषय पुढच्या सभेपर्यंत तहकूब. ही खूण सगळ्यांना माहीत होती आणि कुणालाच माहीत नव्हती.

एकदा साहेबांचे डोळे आले. लाल, पाणी गळतंय, चष्मा दर दोन मिनिटांनी खाली. त्या दिवशी अध्यक्षांनी एकामागून एक सहा विषय तहकूब केले. त्यात विश्रांतवाडीच्या मुलींच्या शाळेतल्या स्वच्छतागृहांची दुरुस्ती होती. हे आपल्या चष्म्यामुळे झालं, हे घरी जाऊन डोळ्यांत थेंब घातल्यावर साहेबांच्या लक्षात आलं. चूक झाली म्हणून त्यांनी अध्यक्षांना फोन करावा की नाही? नाही केला. केला असता तर खूण होती हे कबूल झालं असतं. तीन महिने, पुढची सभा होईपर्यंत, त्या मुली मधल्या सुट्टीत शेजारच्या सोसायटीत परवानगी मागून जात होत्या. आणि मी? मी इतिवृत्तात 'सखोल विचारासाठी तहकूब' असं माझ्या पदरचं वाक्य घातलं होतं. वकीलसाहेबांनी ते वाचून "छान" म्हटलं. मला आठवडाभर तरंगल्यासारखं वाटत होतं.

"मी कोण सांगणार? मी फक्त सुचवतो." हे त्यांचं पालुपद. अध्यक्षपदाची निवडणूक आली की दोन्ही इच्छुक त्यांच्या टिळक रस्त्यावरच्या ऑफिसात वेगवेगळ्या वेळी जायचे आणि दोघेही आनंदात बाहेर पडायचे. एकदा अशाच दोघांचं जुंपलं होतं. त्या आठवड्यात दादासाहेब नावाचे एक बांधकाम व्यावसायिक मुलीच्या लग्नाची पत्रिका द्यायला साहेबांकडे गेले आणि अध्यक्ष होऊन परत आले. मंडळाने त्यांची बिनविरोध निवड केली. निवड कशी झाली हे दादासाहेबांनाच शेवटपर्यंत नीटसं कळलं नाही. मी वकीलसाहेबांना विचारलं, "यांच्यात आपण काय पाहिलंत?" ते पेन्सिलीला टोक काढत होते. म्हणाले, "सही बघा त्यांची. केवढी मोठी करतात! ज्याला स्वतःची सही आवडते तो उत्तम अध्यक्ष."

त्या पत्रिकेच्या पाठीची चिठ्ठीही मी पुढे टाइप केली असणार.

आता गायकवाड बाईंकडे यायला हवं. इतका वेळ मी टाळत होते, हे तुमच्या लक्षात आलंच असेल.

सुमन गायकवाड विश्रांतवाडीच्या शाळेत गणित शिकवायच्या. आठवड्यातून दोन दिवस मीही त्या शाळेच्या कचेरीत बसायची. डबा आम्ही एकत्र खायचो. त्यांच्या डब्यातली ज्वारीची भाकरी आणि ठेचा माझा, माझी साबुदाण्याची खिचडी त्यांची. मुख्याध्यापिका निवृत्त होणार होत्या आणि ज्येष्ठता यादीत पहिलं नाव गायकवाड बाईंचं होतं. त्यात वाद नव्हता. यादी मीच टाइप केली होती.

पण दादासाहेबांना तेव्हा नगरसेवक व्हायचं होतं. तिकीट ज्यांच्या हातात होतं त्या पक्षाच्या भागप्रमुखांची वहिनी आमच्याच शाळेत शिकवत होती. यादीत दुसरी. वकीलसाहेबांनी मला बोलावलं. समोर चहा ठेवला. "ताई, आपली शाळा जुन्या वळणाची आहे. पालकांच्या भावना असतात. गायकवाड बाई उत्तमच आहेत, प्रश्न तो नाही."

'जुनं वळण' म्हणजे काय, हे मला तेव्हा कळलं नाही, असं मी पुढे बरीच वर्षं स्वतःला सांगत राहिले. कळलं होतं. बाईंच्या घरात भिंतीवर बुद्धाची तसबीर होती आणि मंडळातल्या एकानेही त्यांच्याकडे कधी चहा घेतला नव्हता. त्याला ते जुनं वळण म्हणत होते.

"आपण कुणाला नाही म्हणत नसतो," साहेब पुढे म्हणाले. "माणसं स्वतःहून नाही म्हणतात. कायद्यात तशी सोय आहे. ज्येष्ठ शिक्षकाने हक्क सोडतो असं स्वखुशीने लिहून दिलं की झालं. बाईंना सांगा, मुख्याध्यापिका होणाऱ्यावर मांजरी गावातली नवी शाखा उभी करायची जबाबदारी येईल. रोज तिकडे जायचं, दोन बस बदलून. सासूबाई अंथरुणावर आहेत ना त्यांच्या? काळजी वाटते हो आपल्याला."

सासूबाई अंथरुणावर आहेत, हे त्यांना कुणी सांगितलं होतं? मी. डबा खाताना कळलेलं सगळं मी तिकडे नेऊन पोचवायची. मला वाटायचं, आपण साहेबांच्या विश्वासातल्या.

चिठ्ठी आली. मी पत्र टाइप केलं: 'वैयक्तिक अडचणींमुळे मी मुख्याध्यापिकापदावरील माझा हक्क स्वखुशीने सोडत आहे.' चिठ्ठी परत गेली, खोडली गेली. दुसऱ्या दिवशी डबा उघडायच्या आधी मी तो कागद बाईंपुढे ठेवला आणि मांजरी, दोन बस, सासूबाई, सगळं काळजीच्या आवाजात म्हटलं.

बाईंनी कागद दोनदा वाचला. "मंदाताई, हे तुमचं म्हणणं की त्यांचं?"

"माझंच. तुमच्या भल्यासाठी."

त्यांनी सही केली. डब्याचं झाकण उघडलं नाही.

पण अशा पत्राला शिक्षण खात्यात हजर राहून हो म्हणावं लागतं. बाईंच्या सोबत वकीलसाहेबांनी मला पाठवलं. कचेरीच्या जिन्यात बाई थांबल्या. "ताई, आत अधिकारी विचारतील, स्वखुशीने दिलंत का. मी नाही म्हटलं तर उद्या मला मांजरीला पाठवतील आणि घरी म्हातारी एकटी पडेल. पण कागद संस्थेतूनच लिहून आला, एवढं तुम्ही म्हणालात, तर तो कागदच रद्द होतो. मग माझी बदली करायलाही ते धजणार नाहीत. तुमच्यावर आहे आता."

अधिकारी दमलेला, थर्मासमधून चहा ओतून घेत होता. "सही तुमचीच?"

"सही माझी आहे," बाई म्हणाल्या.

"आणि मजकूर?"

"मजकुराचं यांना विचारा."

त्याने माझ्याकडे पाहिलं. मी खोटं बोलले. "बाईंनी सांगितला, मी फक्त टाइप केला."

(हे वाक्य मी आधी वेगळं लिहिलं होतं. ते कसं बदललं ते पुढे येईलच.)

अधिकाऱ्याने शिक्का मारला. जिना उतरताना बाई म्हणाल्या, "तुमची बस समोरून आहे." एवढंच. नंतर त्या सात वर्षं त्याच शाळेत, आपल्यापेक्षा धाकट्या मुख्याध्यापिकेच्या हाताखाली गणित शिकवत राहिल्या. मला भेटल्या की नमस्कार करायच्या. डबा वर्गात खायच्या.

दादासाहेबांना तिकीट मिळालं, ते निवडूनही आले. मिरवणुकीच्या दिवशी वकीलसाहेब स्वतः कचेरीत आले. हातात एक पेढा. तो मोडून अर्धा माझ्या हातावर ठेवला. "अर्धा तुम्ही घ्या. मला साखर आहे." उरलेला अर्धा त्यांनी कागदात गुंडाळून खिशात टाकला, दुसऱ्या कुणासाठी तरी. मी माझा अर्धा पेढा कण कण करत तासभर खाल्ला. एका बाईची आयुष्यभराची ज्येष्ठता अर्ध्या पेढ्यात गेली आणि मी बोटं चाटली. आज त्या मंदाकिनीला समोर उभी करून दोन थोबाडीत द्याव्यात असं वाटतं. पण तिला तेही साहेबांच्या परवानगीशिवाय चाललं नसतं.

तर लेख. मी तो नातीच्या लॅपटॉपवर न लिहिता हाताने लिहिला. जिन्याचं आणि कचेरीचं सगळं लिहिलं. मग पाकीट घेऊन साहेबांकडे जायच्या ऐवजी आळंदी रस्त्याच्या बसमध्ये बसले. निवृत्तीनंतर विश्रांतवाडीच्या थांब्यावर मी कधी उतरले नव्हते. त्या बाजूला काम निघालं की मी मुलाला पाठवायची.

गायकवाड बाईंनी दार उघडलं. केस पांढरे झालेले, चष्मा जाड. "या," म्हणाल्या. माझ्या हातातला कागद बघून पुढे म्हणाल्या, "आज कशावर सही करायची आहे?"

"सही नको. वाचा फक्त."

त्या वाचायला बसल्या. थोड्या वेळाने उठून टेबलाच्या खणातून लाल पेन काढलं. अजून होतं त्यांच्याकडे. एका ठिकाणी ओळ खोडली, वर काहीतरी लिहिलं आणि कागद माझ्याकडे सरकवला. कचेरीतल्या प्रसंगात मी लिहिलं होतं, 'मी गप्प राहिले.' बाईंनी ते खोडून लाल अक्षरात लिहिलं होतं, 'मी खोटं बोलले.'

"गप्प राहिला असतात तरी चाललं असतं," त्या म्हणाल्या. "त्या अधिकाऱ्याला शंका आली असती. चौकशी झाली असती. तुम्ही बोललात, मंदाताई."

मी मान खाली घातली. क्षमा मागायला तोंड उघडलं.

"राहू द्या," बाई म्हणाल्या. "दहापैकी पाच देते. सुधारून घ्या आणि त्यांना नेऊन दाखवा. आणि हे बघा, भाकरी थापलेली आहे. खाऊन जा."

मी खाल्ली. ठेचा तसाच होता. डोळ्यांतून पाणी आलं, त्याला ठेच्याचं निमित्त झालं ते बरं.

दुसऱ्या दिवशी वकीलसाहेबांकडे गेले. चौथा मजला, लिफ्ट, सुनेने दार उघडलं. आताचे अध्यक्ष तरुण आहेत, त्यांचा स्वतःचा सल्लागार आहे, कोटातला. सोवनींना कुणी विचारत नाही. सून म्हणाली, "बाबा आत आहेत. जरा जपून या." जपून कशाला ते आत गेल्यावर समजलं. स्वयंपाकघराच्या दारात, पाण्याच्या फिल्टरशेजारी त्यांनी खुर्ची टाकली होती. येणाऱ्या-जाणाऱ्याला ठेच लागेल अशी. "दिवाणखान्यात बसतच नाहीत हो," सून पुटपुटली. "आणि मी भाजी काय करायची म्हटलं की चष्मा काढतात. आम्ही काय समजायचं त्यातून?"

मी समजले. भाजी तहकूब.

"ताई! या या," साहेब म्हणाले. आवाज बारीक झाला होता, पेन्सिल खिशात तशीच. "आणलंत? मी कोण पाहणार म्हणा. पण एक सुचवतो. त्या गायकवाड बाईंचं एक यावं त्यात. हल्ली लोक काहीबाही बोलतात. त्यांनी हक्क स्वखुशीने सोडला होता, तुम्ही स्वतः साक्षीला होतात. तुमच्या लेखात आलं की विषय मिटला."

"आलंय त्यात," मी म्हटलं आणि कागद त्यांच्या हातात दिला.

ते वाचू लागले. पेन्सिल हातात घेऊन, ओळीखाली टोक फिरवत. अर्ध्यावर टोक थांबलं. फिल्टरमधून थेंब पडत होते, ते ऐकू येत होते.

"हे लाल अक्षर कुणाचं?"

"ज्यांनी स्वखुशीने हक्क सोडला, त्यांचं."

त्यांनी चष्मा काढला. पूर्वी अख्खं मंडळ यावर गप्प व्हायचं. मी खुर्ची ओढून त्यांच्यासमोर बसले.

"ताई, हे असं नको," ते म्हणाले. "तुम्ही तर आपल्या विश्वासातल्या."

"म्हणून तर खोटं बोलले. मजकूर तुमचा होता, साहेब."

त्यांनी चष्म्याची डबी उघडली, खोडरबर काढलं. झिजून मटाराएवढं राहिलं होतं. ते लाल शब्द खोडू लागले. शाई पेन्सिलीसारखी जात नाही. ती पसरली. ओळीवर, समासात, त्यांच्या अंगठ्यावर. ते खोडत राहिले, मधेच थांबून सवयीने फुंकर मारत राहिले. उडण्यासारखं काही नव्हतं. कागद त्या जागी पातळ झाला, पलीकडचा उजेड दिसायला लागला, तरी शब्द वाचता येत होते.

मी उठले. त्यांच्यासमोर उभी राहिले आणि हात पुढे केला.

"साहेब, कागद परत."